कळमना ते इतवारी: बंद बाजाराचा हिशेब

नागपूरच्या पूर्वेला भंडारा रोडकडे जाताना कळमना लागतं. नागपूर कृषी उत्पन्न बाजार समितीचं पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड इथेच आहे. विदर्भातली संत्री, लाल मिरची, तूर, हरभरा आणि तांदूळ, बाहेरून येणारे कांदे-बटाटे, भाजीपाला, फळं असं सगळं आधी इथे उतरतं. अडतिये लिलाव करतात, मापारी तोलतात, हमाल पोती वाहतात आणि उजाडेपर्यंत चिल्लर विक्रेत्यांच्या गाड्या माल घेऊन शहराकडे निघालेल्या असतात. काही किलोमीटर पश्चिमेला जुनं शहर आहे. मस्कासाथ आणि किराणा ओळीत धान्य-किराणा, इतवारीत सराफा, गांधीबागेत कापड, महालात भांड्यांपासून पूजेच्या सामानापर्यंत सगळं, आणि सीताबर्डीच्या मेन रोडवर तयार कपडे, चपला, बांगड्या.

कळमन्याचं यार्ड आणि या बाजारपेठा यांच्यामध्ये रोज पैसा, माल आणि भरवसा यांची ये-जा चालते. बाजार दीर्घकाळ बंद राहतो तेव्हा छोट्या दुकानदाराचं नेमकं काय होतं, हे समजायचं असेल तर ही ये-जा समजून घ्यावी लागते. बंदीचा आदेश दुकानं मोजतो. कोणतं दुकान कोणता माल विकतं ते पाहून एकाला परवानगी देतो, दुसऱ्याला नाकारतो. पण बाजारपेठेतलं छोटं दुकान हे एकटं युनिट नसतंच. ते हंगामाला, उधारीला आणि शेजारच्या दुकानांना बांधलेलं असतं. माझ्या मते नागपूरच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतला सगळ्यात मोठा धडा हाच आहे, आणि तो धोरण आखणाऱ्यांच्या कानापर्यंत अजून पुरता पोचलेला नाही.

आधी घटनाक्रम पाहू. नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी सापडला. २० मार्चला राज्य सरकारने मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडसोबत नागपूरचीही दुकानं आणि कार्यालयं ३१ मार्चपर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून ती लागू झाली. म्हणजे तयारीला मिळाले चार तास.

दुसरा दिवस, २५ मार्च, हा गुढीपाडव्याचा होता.

साखरेच्या गाठ्या, गुढीची वस्त्रं, नवी भांडी, पाडव्याच्या मुहूर्ताचं सोनं, नवी दुचाकी, टीव्ही, फ्रीज असा माल भरून दुकानं बसली होती. गाठ्यांचं तर एक दिवस उलटला की काहीच उरत नाही. त्यानंतर महिन्याभरात, २६ एप्रिलला, अक्षय तृतीया गेली. रमजानचा महिना टाळेबंदीतच गेला आणि २५ मे रोजी ईद झाली, तेव्हा मोमिनपुरा शहरातल्या सर्वांत कडक प्रतिबंधित भागांपैकी एक होता. सतरंजीपुऱ्याचीही तीच गत. मोमिनपुऱ्यातल्या कित्येक दुकानदारांचं वर्षाचं गणित रमजानच्या रात्रींवर चालतं. या सगळ्याच्या मधोमध एप्रिल-मेची लग्नसराई बुडाली. ५ जूनपासून ‘मिशन बिगिन अगेन’ या नावाखाली दुकानं उघडू लागली, तीही रस्त्याची एक बाजू एका दिवशी आणि दुसरी बाजू दुसऱ्या दिवशी.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच महिने आले. नागपुरात ११ मार्च २०२१ रोजी तेव्हाचे पालकमंत्री नितीन राऊत यांनी १५ ते २१ मार्च अशी टाळेबंदी जाहीर केली, नंतर निर्बंध ३१ मार्चपर्यंत वाढले. होळी २८ मार्चला होती. रंग-पिचकाऱ्यांचा माल घेतलेल्या दुकानदाराला पुढचं वर्ष पाहावं लागलं. ५ एप्रिलच्या रात्रीपासून राज्याचे ‘ब्रेक द चेन’ निर्बंध आले आणि जीवनावश्यक सोडून बाकी दुकानं बंद झाली. १३ एप्रिलचा गुढीपाडवा गेला, १४ एप्रिलची डॉ. आंबेडकर जयंती गेली आणि १४ मे रोजी तर अक्षय तृतीया आणि रमजान ईद एकाच दिवशी आल्या, दोन्ही बंद शटरांच्या काळात. जूनमध्ये पाच स्तरांची पद्धत आली आणि बाजार हळूहळू उघडला.

सलग दोन वर्षं, मार्च ते मे. हे महिने कुठले आहेत याकडे लक्ष दिल्याशिवाय किती दिवस बंद होतं या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. कापड, भांडी, सोनं, चपला, बांगड्या, लग्नपत्रिका या सगळ्या धंद्यांचा उन्हाळा हा कमाईचा काळ असतो. श्रावण-भाद्रपदात यातल्या अनेकांकडे दिवसभर बसून तुरळक ग्राहकी होते.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, गांधीबागेजवळ साड्या आणि ड्रेस मटेरियलचं एक दुकान आहे. वर्षाची विक्री ३६ लाख रुपये, त्यावर २० टक्के ढोबळ नफा, म्हणजे ७ लाख २० हजार. गाळ्याचं भाडं महिना १५ हजार, दोन कामगारांचा पगार २० हजार, वीज ३ हजार, कर्जाचं व्याज ७ हजार. एकूण ४५ हजार. घरखर्चाला दरमहा १५ हजार. वर्षाचा खर्चही बरोबर ७ लाख २० हजार होतो. दुकान तोट्यात नाही, पण शिल्लकही काही नाही. छोट्या दुकानांची ही सर्वसाधारण अवस्था असते.

आता यातली १२ लाखांची विक्री मार्च ते मे या तीन महिन्यांत होते असं धरू. हे तीन महिने गेले तर २ लाख ४० हजारांचा नफा गेला. खर्च मात्र थांबत नाही. हेच दुकान मंदीच्या तीन महिन्यांत बंद राहिलं असतं, ज्या काळात साडेचार लाखांचीच विक्री होते, तर ९० हजारांवर भागलं असतं. दिवस तेवढेच, नुकसान अडीचपटीहून जास्त. आणि २ लाख ४० हजारांची भरपाई पुढच्या विक्रीतून करायची तर २० टक्के नफ्याने १२ लाखांची जादा विक्री हवी, म्हणजे गेलेला अख्खा हंगाम पुन्हा एकदा यायला हवा. तो येत नाही. लग्न वीस माणसांत आटोपलं की त्या घरातल्या चाळीस साड्या कायमच्या गेल्या. पुढच्या वर्षी ते लग्न पुन्हा होत नाही.

पण खरी कोंडी याहून वेगळीकडे आहे. १२ लाखांच्या विक्रीसाठी ९ लाख ६० हजारांचा माल फेब्रुवारीतच उचललेला असतो. छोटा दुकानदार तो रोखीने उचलत नाही. सुरतेच्या किंवा गांधीबागेतल्या ठोक व्यापाऱ्याकडून ६० दिवसांच्या उधारीवर, पुढच्या तारखांचे चेक देऊन माल येतो. एप्रिलअखेर ते चेक बँकेत लागायचे असतात. ज्या दुकानात त्या महिन्यात एक रुपयाही आलेला नाही, त्याने साडेनऊ लाख कुठून आणायचे? चेक परत गेला तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो. बहुतेक ठिकाणी तसं झालं नाही, कारण ठोकवाल्यालाही माहीत असतं की याला आज तुरुंगाची भीती घातली तर उद्या माल कोण उचलणार. चेक थांबवून ठेवले गेले, तारखा बदलल्या गेल्या, थोडा माल परत गेला. या तडजोडी कोणत्याही सरकारी मदत योजनेत नोंदलेल्या नाहीत, पण त्या काळात बाजार तग धरून राहिला तो मुख्यतः यांच्या बळावर.

या तडजोडींच्या दुसऱ्या भागाबद्दल मात्र कमी बोललं जातं. भरवशाने थांबवलेला पैसा वर कुणाला तरी अडकवतो. बाजार उघडल्यावर ठोकवाल्याने उधारीची मुदत कमी केली, जुनी बाकी चुकल्याशिवाय नवा माल देणं बंद केलं, ‘आता रोखीने न्या’ असं सुरू झालं, तर छोट्या दुकानदारासाठी ती दुसरी टाळेबंदीच असते. शटर वर आहे आणि फळीवर माल नाही. महामारीनंतरच्या वर्षात बाजारपेठांतून फिरताना अर्धी रिकामी दुकानं दिसायची, त्यांचं कारण बऱ्याचदा गिऱ्हाईक नसणं हे नव्हतं. माल उचलायला उधारी उरली नव्हती.

कळमन्याची गोष्ट इथे वेगळी पडते. केंद्रीय गृह मंत्रालयाने २७ मार्च २०२० रोजी मार्गदर्शक सूचनांमध्ये भर घालून बाजार समित्यांच्या मंड्यांना टाळेबंदीतून सूट दिली. अन्नधान्य आणि भाजीपाला अडता कामा नये, हे योग्यच होतं. कळमन्यात माल येत राहिला, गर्दीवरून वेळोवेळी निर्बंध आले तरी यार्डाचं काम चालू धरलं गेलं. पण यार्डातून निघालेला माल नेहमीच्या वाटांनी जायचा तर आठवडी बाजार बंद होते, हॉटेलं आणि खानावळी बंद होत्या, मेस रिकाम्या होत्या, रसवंत्या आणि फळांच्या गाड्या रस्त्यावर नव्हत्या. मार्चअखेर मृग बहाराच्या संत्र्याचा शेवट असतो आणि उन्हाळ्यात ज्यूसवाल्यांची मागणी वाढते. ती मागणीच नाहीशी झाली. ठोक बाजार चालू आणि चिल्लर बाजार बंद, या स्थितीत शेतकऱ्याला भाव मिळत नाही आणि शहरातल्या गिऱ्हाइकाला स्वस्ताईही मिळत नाही. मधला माणूस नसला की दोन्ही टोकं लोंबकळतात. छोट्या विक्रेत्याला ‘मधली साखळी’ म्हणून हिणवायची आपल्याकडे सवय आहे. त्या उन्हाळ्यात ही साखळी काय काम करते ते सगळ्यांना दिसलं.

आणि यार्ड चालू राहिलं म्हणून तिथल्या सगळ्यांचं भागलं असंही नाही. हमालाची मजुरी पोत्यावर ठरते. आवक घटली की त्याचा दिवस घटतो.

शहराच्या मधल्या बाजारपेठांना सर्वांत मोठा फटका कुठे बसला, तर २४ एप्रिल २०२० च्या आदेशात. त्या रात्री केंद्राने काही दुकानांना मुभा दिली. महापालिका हद्दीत सुटी दुकानं, वस्तीतली दुकानं आणि निवासी संकुलातली दुकानं उघडता येतील, पण बाजारपेठांच्या संकुलांतली दुकानं उघडता येणार नाहीत, असा त्याचा गाभा होता. आरोग्याच्या दृष्टीने यात तर्क आहे. गर्दी टाळायची तर गर्दीची जागा बंद ठेवणं ओघाने आलं. पण बाजारपेठ म्हणजे काय, याचं उत्तरच गर्दी हे आहे. इतवारीत शंभर सराफ एका रांगेत बसतात तेव्हा ते एकमेकांचे स्पर्धक असतात आणि एकमेकांचं गिऱ्हाईकही आणतात. मंगळसूत्र घ्यायला आलेली बाई शेजारून बांगड्या घेते, पुढच्या गल्लीत साडी बघते, कोपऱ्यावर चाट खाते. चाटवाल्याचं दुकान सराफाच्या भरवशावर चालतं, आणि उन्हात थकलेल्या गिऱ्हाइकाला बाजारात आणखी तासभर रोखून धरण्याचं काम चाटवाला करतो. ज्या जवळिकीवर बाजारपेठ शतकभर जगली, तीच एका आदेशात तिचा दोष ठरली.

रस्त्याची एकेक बाजू उघडण्याच्या नियमाने हीच गोष्ट आणखी गुंतागुंतीची केली. कापडाचं दुकान आज उघडं असेल आणि समोरचा अस्तर-फॉलवाला किंवा शिंपी उद्या, तर बाहेरगावाहून आलेल्या गिऱ्हाइकाने काय करायचं? उमरेड, काटोल, सावनेर, भिवापूरकडची माणसं इतवारी-महालात एका दिवसात सगळी खरेदी उरकून शेवटच्या गाडीने परत जातात. त्यांच्या दृष्टीने अर्धा उघडा बाजार हा बंद बाजारच. पालिकेचा हेतू वाईट नव्हता. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शेजारून पायी येणारा ग्राहक होता, एसटीने येणारा नव्हता.

आता मदतीकडे वळू. या काळात मदत काहीच झाली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण त्या मदतीचा स्वभाव पाहावा लागेल: जवळपास सगळीच ‘नंतर द्या’ या स्वरूपाची होती.

रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी कर्जहप्त्यांना तीन महिन्यांची स्थगिती दिली, पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. हप्ता थांबला, व्याज चालू राहिलं. व्याजावरच्या व्याजाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना त्यातला फरक दिला आणि २३ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने सर्वांनाच चक्रवाढ व्याजातून मोकळं केलं. साधं व्याज मात्र भरायचंच होतं. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने औद्योगिक आणि व्यावसायिक ग्राहकांचा स्थिर आकार तीन बिलांपुरता पुढे ढकलला. माफ केला नाही. बंद दुकानात एक दिवा न लावता स्थिर आकार साठत राहिला.

शिवाय रिझर्व्ह बँकेची स्थगिती बँका आणि बिगरबँक वित्त कंपन्यांना लागू होती. छोट्या दुकानदाराचं कर्ज बहुतेकदा तिथे नसतंच. ते असतं गल्लीतल्या पतसंस्थेचं, ज्यांची नोंदणी सहकार कायद्याखाली होते आणि ज्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नाही. नाहीतर भिशीचं. नाहीतर रोज संध्याकाळी दुकानावर येऊन पैसे नेणाऱ्या सावकाराचं. तिथे स्थगितीचा आदेश लावणारं कोणी नव्हतं.

मे २०२० मध्ये तीन लाख कोटींची आपत्कालीन पतहमी योजना आली. तिचा नियम असा होता की २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढं कर्ज बाकी असेल त्याच्या २० टक्के नवं कर्ज हमीवर मिळेल. ज्याने आयुष्यभर बँकेचं कर्ज न घेता, स्वतःच्या आणि ठोकवाल्याच्या भांडवलावर धंदा केला, त्याचे २० टक्के म्हणजे शून्य. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० पासून पीएम स्वनिधी योजना सुरू झाली. १० हजारांचं कर्ज, लहान पण नेमकं. गाळ्यात बसणारा दुकानदार मात्र या दोहोंच्या मधल्या पोकळीत पडला. फेरीवाला म्हणावा तर त्याच्या डोक्यावर छप्पर, आणि उद्योजक म्हणावा तर सरकारदरबारी तशी नोंदच नाही. किरकोळ आणि ठोक व्यापाराला सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या नोंदणीतून २०१७ मध्ये वगळण्यात आलं होतं. २ जुलै २०२१ रोजी, दोन हंगाम बुडाल्यानंतर, त्यांना पुन्हा आत घेण्यात आलं. त्या खात्याचे तेव्हाचे मंत्री नागपूरचेच खासदार नितीन गडकरी होते आणि अडीच कोटी व्यापाऱ्यांना याचा लाभ होईल असं त्यांनी सांगितलं. पण हा समावेश प्राधान्यक्षेत्राच्या कर्जापुरताच आहे. उद्योगांना मिळणारं उशिराच्या देयकांचं संरक्षण यात नाही. म्हणजे व्यापाऱ्याला मिळालं ते पुन्हा कर्जच.

कामगारांच्या पगाराबाबत २९ मार्च २०२० चा केंद्राचा आदेश स्पष्ट होता: दुकान असो की कारखाना, बंद काळाचा पूर्ण पगार कपात न करता द्या. मे महिन्याच्या १८ तारखेपासून तो मागे घेतला गेला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसांत तोडगा काढावा असं सांगितलं. इथे मला दोन्ही बाजूंचं दुःख सारखंच खरं वाटतं. ज्या दुकानात मालक आणि नोकर एकाच डब्यातून जेवतात, तिथे नोकराला ‘या महिन्यात अर्धेच’ म्हणणं सोपं नसतं, आणि बारा हजारांतले सहा हजार घेऊन घरी जाणंही सोपं नसतं. युरोपात काय झालं ते पाहिलं की फरक कळतो. ब्रिटनमध्ये सरकारने घरी बसवलेल्या कामगारांच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिना अडीच हजार पौंडांच्या मर्यादेपर्यंत, स्वतः उचलला. दुकानांचा स्थानिक मालमत्ता कर एका वर्षासाठी माफ केला. आणि भाडं थकलं म्हणून व्यावसायिक भाडेकरूला काढण्यावर मार्च २०२२ पर्यंत बंदी ठेवली. तिथेही दुकानं बुडाली, पण बंदीचा खर्च फक्त दुकानदार आणि नोकर यांच्यात वाटला गेला नाही.

आपल्याकडे भाड्याचं काय झालं? इतवारी-महालातले जुने पगडीचे भाडेकरू त्यातल्या त्यात निभावले, कारण भाडेनियंत्रणामुळे त्यांचं भाडं मुळातच नाममात्र. खरा मार बसला तो लिव्ह अँड लायसन्सवर गाळा घेतलेल्या नव्या माणसाला. दुकान सरकारच्या आदेशाने बंद आहे, मग भाडं का द्यायचं, हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या निमित्ताने आला. २१ मे २०२० रोजी न्यायालयाने सांगितलं की टाळेबंदी आहे म्हणून भाडं आपोआप स्थगित होत नाही. करारात तशी अट असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या छोट्या गाळ्यांचे करार टंकलेखकाकडच्या तयार नमुन्यावर होतात. आपत्तीच्या काळात भाड्याचं काय होईल, याचं कलम त्यात क्वचितच असतं. हे कलम दुकानदाराने आज, सगळं सुरळीत असताना, घालून घ्यायला हवं. दोन ओळींचं काम आहे.

मालाचं काय होतं, हेही बाहेरच्याला पटकन कळत नाही. बंद दुकानातला माल ‘तसाच’ राहत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. पत्र्याच्या छताखालच्या बंद गाळ्यात त्याहून जास्त. सौंदर्यप्रसाधनं वितळतात, गोळ्या-बिस्किटांची मुदत संपते, रबर आणि गोंद सुटतो. पॉलियुरेथेनच्या तळव्यांचे बूट न वापरताच हवेतल्या ओलाव्याने भुगा होतात. रेशमी साडीची घडी वेळोवेळी बदलली नाही तर तिथेच वस्त्र फाटतं, जर काळवंडते. शीतगृहाबाहेर राहिलेली लाल मिरची रंग सोडते, आणि मिरचीचा भाव रंगावर ठरतो. त्यात उंदीर आणि वाळवी. म्हणून टाळेबंदीच्या काळात दुकानदारांची सगळ्यात साधी मागणी काय होती, तर विक्री नको, आठवड्यातून एक दिवस शटर उघडून साफसफाई करू द्या. रोगाचा धोका न वाढवता ही मागणी पहिल्याच आठवड्यात पूर्ण करता आली असती.

चितार ओळीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जुन्या नागपुरातली ही मूर्तिकारांची वस्ती. गणपती, दुर्गा, शारदा आणि मारबतीच्या शहराचे सगळे सण या हातांवर उभे आहेत. मूर्तीचं काम उन्हाळ्यात सुरू होतं, मोठ्या मूर्तींचे साचे आधी घेतले जातात. २०२० च्या जुलैमध्ये राज्य सरकारने सार्वजनिक मंडळांसाठी चार फूट आणि घरगुती गणपतीसाठी दोन फूट अशी मर्यादा घातली. गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. चितार ओळ त्या वेळी बंद नव्हती. मूर्ती विकायला मनाई नव्हती. तरीही पंधरा फुटांच्या मूर्तीवर वर्षाची कमाई करणाऱ्याचा धंदा गेला, कारण चार फुटांच्या मूर्तीला पंधरा फुटांच्या मूर्तीचे पैसे मिळत नाहीत. त्याच आठवड्यातल्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन मुलं रस्त्यावर निघाली नाहीत, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली नाही, आणि मिरवणुकीच्या वाटेवरचा फुगेवाल्यापासून मिठाईवाल्यापर्यंतचा दिवस कोरडा गेला. कागदावर यातलं एकही दुकान बंद नव्हतं.

ऑनलाइन विक्रीचा मुद्दाही तेव्हाच तापला. १५ एप्रिल २०२० च्या सूचनांनुसार २० एप्रिलपासून ई-कॉमर्स कंपन्यांना जीवनावश्यक नसलेल्या वस्तूही पोचवता येणार होत्या. देशभरातले छोटे दुकानदार बंद असताना तोच माल मोबाइलवरून विकला जाणार, याला व्यापारी संघटनांनी कडाडून विरोध केला. अखिल भारतीय व्यापारी महासंघ त्यात पुढे होता, आणि त्याचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष बी. सी. भरतिया नागपूरचेच. १९ एप्रिलला केंद्राने ती मुभा मागे घेतली. एका महिन्यात, १८ मेनंतर, ती परत आलीच. मला त्या विरोधात न्यायाची बाजू दिसते. साथीचं कारण सगळ्यांना सारखं असेल तर बंदीही सारखी हवी. पण हेही खरं की त्या काळात ज्या दुकानदाराने गिऱ्हाइकांचे नंबर मोबाइलवर जपून ठेवले होते, साड्यांचे फोटो पाठवून सौदे पक्के करून ठेवले होते, त्याचं जून महिन्यातलं पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. उधारीच्या वहीत नाव आहे पण फोन नंबर नाही, अशा दुकानाला गिऱ्हाईक पुन्हा शून्यापासून जोडावं लागलं.

व्यापाऱ्यांनी स्वतःहून दुकानं बंद ठेवण्याची परंपरा नागपुरात जुनी आहे. २०१३ मध्ये स्थानिक संस्था कराविरुद्ध राज्यभर व्यापारी बंद झाले. मार्च २०१६ मध्ये दागिन्यांवरच्या एक टक्का उत्पादन शुल्काविरुद्ध सराफांनी महिनाभराहून अधिक काळ दुकानं बंद ठेवली. इतवारीचा सराफाही त्यात होता. तोटा तेव्हाही झाला, आणि तो सोसणारा कारागीर मालकापेक्षा जास्त पोळला. पण त्या बंदची तारीख व्यापाऱ्यांच्या हाती होती. माल कधी उचलायचा, चेक कधीचे द्यायचे, हे आधी ठरवता आलं. दुसऱ्याच्या हातातल्या बंदीत सर्वांत महाग पडते ती अनिश्चितता. आधी २१ दिवस, मग १९ दिवस, मग आणखी दोन आठवडे, असं तुकड्यातुकड्याने वाढत गेलं की दुकानदार प्रत्येक वेळी ‘एवढंच आता’ म्हणून थांबतो, माल परत करत नाही, गाळा सोडत नाही, दुसरं काम धरत नाही. सुरुवातीलाच ‘अडीच महिने’ असं सांगितलं असतं तर कित्येकांनी निर्णय वेगळे घेतले असते. साथीत तारीख सांगणं कठीण होतं, हे मान्य. पण दुकान कशाच्या आधारावर उघडेल, कुठला आकडा किती खाली आल्यावर उघडेल, हे सांगता आलं असतं. २०२१ च्या जूनमध्ये पाच स्तर ठरवताना तसं केलंही गेलं. एक वर्ष आधी ते व्हायला हवं होतं.

साथ ओसरली, बंदी मात्र इतर रूपांत चालूच आहे. १७ मार्च २०२५ रोजी महालात हिंसाचार झाला आणि शहराच्या अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. कोतवाली, गणेशपेठ, तहसील, लकडगंज, पाचपावली ही त्यातली नावं म्हणजे जुन्या बाजारपेठांचाच नकाशा. ती पूर्ण उठली २३ मार्चला. पाडवा आणि ईद दोन्ही आठवड्यावर होत्या.

आणि मग रस्त्यांची कामं. कळमना-पारडी भागाने उड्डाणपुलाचं काम वर्षानुवर्षं पाहिलं. १९ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री कळमन्यात त्या पुलाचा एक भाग कोसळला. जीवितहानी झाली नाही हे नशीब. काम लांबतं तेव्हा पत्र्यांच्या आड गेलेलं दुकान रोज सकाळी उघडतं, झाडलोट होते, उदबत्ती लागते, पण गाडी उभी करायला जागा नाही, म्हणून गिऱ्हाईक पुढच्या चौकात जातं. मध्य नागपुरात इंदोरा-दिघोरी उड्डाणपुलाच्या वाटेवरही तसंच झालं. इथे सरकारी आदेशाने काहीच बंद केलेलं नाही, त्यामुळे कर्जाला स्थगिती नाही आणि बातमीही नाही. ज्याची जमीन जाते त्याला भूसंपादन कायद्याने मोबदला मिळतो. ज्याची जमीन जात नाही, फक्त दोन-तीन वर्षांची ग्राहकी जाते, तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. फ्रान्समधल्या अनेक शहरांनी ट्रामची कामं करताना यासाठी समित्या नेमल्या. दुकानदार मागच्या वर्षांचे हिशेब दाखवतो, कामाच्या काळातली घट मोजली जाते आणि प्रकल्पाच्या खर्चातूनच भरपाई मिळते. पुलाच्या अंदाजपत्रकात सिमेंट, लोखंड आणि मजुरीसोबत एक ओळ त्या रस्त्यावरच्या दुकानांसाठी असावी, आणि पत्र्यावर काम संपण्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावी. तसं झालं तर त्या रस्त्यावरच्या दुकानदाराला निदान फेब्रुवारीत माल किती उचलायचा हे ठरवता येईल. भरपाईचा दावा सांगायचा तर मागच्या तीन वर्षांची विक्री कागदावर हवी, म्हणून पक्की बिलं फाडण्याची सवयही आतापासूनच लावून घ्यावी लागेल.